धर्मस्वातंत्र्य बाईचे की तिच्या रखवालदारांचे?

भंडारा रोड स्टेशनवरून पूर्वेला जाणारी गाडी तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव करत दुर्गला पोचते. कामासाठी, दवाखान्यासाठी, नातेवाइकांकडे म्हणून आपल्याकडच्या बाया या रेल्वेने नेहमी जात-येत असतात. २५ जुलै २०२५ रोजी याच दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन ननी आणि एक आदिवासी तरुण यांना अटक झाली. त्यांच्याबरोबर नारायणपूर भागातल्या तीन तरुण आदिवासी मुली होत्या. त्या आग्र्याला कामासाठी निघाल्या होत्या. त्यांना फसवून धर्मांतरासाठी नेले जात आहे, अशी तक्रार बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांनी केली होती. मुली सज्ञान होत्या आणि आधीपासूनच ख्रिस्ती होत्या, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. २ ऑगस्टला ननींना जामीन मिळाला.

त्या आठवड्यात देशभर गदारोळ झाला. संसदेत घोषणा झाल्या, केरळचे पुढारी छत्तीसगडला धावले, चर्चनी निषेधाचे मोर्चे काढले. एक बाजू म्हणत होती, ‘आमच्या मुली पळवल्या’. दुसरी म्हणत होती, ‘आमच्या सिस्टर निर्दोष आहेत’. आपण आपल्या मर्जीने निघालो होतो, हे त्या तिघींचे म्हणणे बातमीच्या शेवटच्या ओळीत गेले. आपल्याला मारहाण झाली, दमदाटी झाली, ही तक्रार घेऊन त्या पुढे राज्य महिला आयोगाकडे गेल्या. तोवर कॅमेरे निघून गेले होते.

ननींची अटक अन्यायाचीच होती, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ‘त्या मुली कुणाच्या?’ या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे पुरुष भांडत राहिले. त्या स्वतःच्या आहेत, हे उत्तर कोणालाच सुचले नाही.

तुमसर तालुक्यातल्या एका बैठकीत विडी वळणाऱ्या एका बाईने हेच फार साध्या शब्दांत विचारले होते. ती म्हणाली, “माझा भाऊ म्हणते, प्रार्थनेला गेलीस तर पोलिसात देईन. आमचे पाळक म्हणतात, नवरा मारते तरी परत जा, आपला वधस्तंभ उचल. दोघंही मलेच सांगतात. मले विचारते कोण?”

हा लेख तिच्या प्रश्नाबद्दल आहे. धर्मस्वातंत्र्य हा शब्द आज सरकारही वापरते आणि चर्चही. सरकार म्हणते, बाईला धर्मांतरापासून वाचवायचे आहे. चर्च म्हणते, धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य वाचवायचे आहे. दोघेही बोलतात ते कुटुंबाच्या नावाने. आमचे म्हणणे असे, की जे धर्मस्वातंत्र्य बाईला घरात, लग्नात आणि चर्चमध्ये ‘नाही’ म्हणू देत नाही, ते तिचे स्वातंत्र्य नव्हे. ते तिच्या रखवालदारांचे स्वातंत्र्य आहे.

कायद्याच्या नजरेतली बाई

तुमसरच्या पुढे बावनथडी ओलांडली की बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्य प्रदेश. नदीच्या दोन्ही काठांवर एकाच जातीची, एकाच बोलीची माणसे राहतात आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होतात. कायदा मात्र नदीपाशी बदलतो. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतरावर कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. दोन्हींचे नाव ‘धर्मस्वातंत्र्य’ कायदा!

२०२१ चा कायदा जरा बारकाईने वाचा. बेकायदा धर्मांतराला १ ते ५ वर्षे शिक्षा आहे. पण धर्मांतर झालेली व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर शिक्षा २ ते १० वर्षे. म्हणजे चाळीस वर्षांची, घर चालवणारी, मतदान करणारी बाई आणि दहा वर्षांचे मूल कायद्याच्या एकाच रांगेत! दलित-आदिवासी पुरुषही त्याच रांगेत. कशामुळे फसायचे ते ज्यांना कळत नाही, अशांची ही यादी. १९६८ च्या कायद्यातही ती होतीच.

मग तक्रार कोणी करायची? स्वतः त्या व्यक्तीने, किंवा तिच्या आई-वडिलांनी, बहीण-भावांनी. न्यायालयाच्या परवानगीने रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तकाचे कोणतेही नातेवाईक तक्रार करू शकतात. सज्ञान बाईच्या श्रद्धेबद्दल तिचा भाऊ तक्रारदार! आपल्याकडे बाईच्या वाटणीची जमीन मागताना ज्या भावाची सही मिळता मिळत नाही, त्याच भावाला कायद्याने तिच्या देवावर पहारा दिला आहे. आणि जबरदस्ती झाली नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर.

धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. स्वखुशीने लग्न करणाऱ्या सज्ञान व्यक्तींवर या नोटिशीच्या कलमाखाली खटले भरू नयेत, असा अंतरिम आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. कारण उघड आहे. घरच्यांना न सांगता लग्न करणाऱ्या मुलीसाठी साठ दिवसांची नोटीस म्हणजे घरच्यांच्या हातात दिलेली साठ दिवसांची मुदत. तेवढ्या वेळात तिला कोंडता येते, मारता येते, दुसऱ्याशी लग्न लावून टाकता येते.

आणखी एक कलम कोणी फारसे वाचत नाही. ‘पैतृक धर्मात’ परत येणे हे या कायद्याच्या लेखी धर्मांतरच नाही. पैतृक धर्म म्हणजे काय? तर जन्माच्या वेळी त्या व्यक्तीच्या बापाचा जो धर्म होता तो. आईचा धर्म कुठे गेला? नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या, मांडीवर घेऊन पहिली प्रार्थना शिकवणाऱ्या बाईचा धर्म कायद्याच्या हिशेबात धरलेलाच नाही.

हे नदीपलीकडचे आहे म्हणून आपण निश्चिंत राहू नये. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्ने केलेल्या मुलींची व त्यांच्या माहेरची माहिती ठेवण्यासाठी एक समिती नेमली. टीका झाल्यावर दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द काढला, ‘आंतरधर्मीय’ तसाच ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तथाकथित लव्ह जिहाद आणि सक्तीचे धर्मांतर यांवर कायदा सुचवण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमण्यात आली. बाईच्या मनाचा प्रश्न पोलीस खात्याकडे सोपवला गेला. अशा कायद्याचा मसुदा कोणत्याही पक्षाने आणो, आपली कसोटी एकच असावी: यात सज्ञान बाई स्वतः निर्णय घेणारी आहे की सांभाळून ठेवायची वस्तू?

हा वाद आपल्याच भागातला

पुष्कळांना वाटते की हा वाद गेल्या दहा-पंधरा वर्षांतला. तसे नाही. याचे मूळ नागपुरात आहे आणि भंडारा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत भंडारा मध्य प्रदेशात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. एप्रिल १९५४ मध्ये या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी होते. समितीत एक ख्रिस्ती सभासद होता, वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज. स्त्री एकही नव्हती. ७०० गावांतल्या ११,३६० माणसांशी आपण संपर्क साधला, असे समितीने नोंदवले. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. सक्तीच्या आणि फसवणुकीच्या धर्मांतराला कायद्याने बंदी घालावी, अशी शिफारस त्यात होती. पुढच्या सर्व ‘धर्मस्वातंत्र्य’ कायद्यांना हा अहवाल आधार म्हणून वापरला गेला. मिशनचे दवाखाने, शाळा, पैसा यांच्यामुळे गरीब भुलतो आणि धर्म सोडतो, हे त्याचे मुख्य म्हणणे. मिशनऱ्यांच्या पैशाबद्दल आणि साहेबी तोऱ्याबद्दल त्यात खरेही पुष्कळ होते. पण गरीब माणूस, आणि त्यातही बाई, विचार करून धर्म सोडू शकते ही शक्यता त्या अहवालाला झेपली नाही.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो माणसांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यात भंडारा जिल्ह्यातून पायी, बैलगाडीने, रेल्वेने गेलेल्या हजारो बाया होत्या. दोनच वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले होते. दीक्षा घेणाऱ्यांत स्वतः भवानीशंकर नियोगीही होते!

नियोगींच्या त्या निर्णयाचा आम्हाला आदरच आहे. पण पाहा, त्यांना कोणी साठ दिवसांची नोटीस मागितली नाही. त्यांच्या भावा-बहिणींना कोणी विचारले नाही. शिकलेल्या, मोठ्या पदावरच्या पुरुषाने धर्म बदलला की तो विवेकाचा निर्णय. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईने बदलला की ती भुलली, फसली, पळवली गेली. हाच दुजाभाव पुढे कायद्यात उतरला. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश आणि ओरिसाचे कायदे वैध ठरवले आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. युक्तिवाद धर्म देणाऱ्याच्या हक्कावर झाला. धर्म घेणारीच्या हक्काचा विचार बाजूलाच राहिला.

चर्चचे उत्तर आणि चर्चचे मौन

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाख होती आणि त्यात ख्रिस्ती माणसे शंभरात एकही भरत नाहीत. १८८० च्या दशकात भंडाऱ्यात स्कॉटिश मिशन आले. त्यातून वाढलेली जुनी मंडळी, कॅथॉलिक कुटुंबे, आणि अलीकडे घराघरांत भरणाऱ्या छोट्या प्रार्थनासभा, एवढाच हा समाज. त्याला भीती वाटते आणि ती खोटी नाही. प्रार्थना चालू असताना दारात जमाव उभा राहतो तेव्हा आत बहुतेक बायाच असतात. शिव्या त्यांनाच खाव्या लागतात, पोलीस ठाण्यात रात्रही त्यांनाच काढावी लागते. या दडपशाहीविरुद्ध आम्ही चर्चबरोबर आहोत.

पण म्हणून चर्चच्या कर्मठ पुढाऱ्यांना काही विचारायचेच नाही का?

त्यांचे म्हणणे साधारण असे असते. राजकारणात मंडळीने पडू नये, सत्तेच्या अधीन राहावे, तिच्यासाठी प्रार्थना करावी. कुटुंब देवाने जोडले आहे, पुरुष त्याचे मस्तक आहे, ते माणसाने तोडू नये. आणि धर्मस्वातंत्र्य म्हणजे आमच्या संस्थांत, आमच्या रीतिरिवाजांत सरकारने हात घालू नये. या तिन्हींचा अर्थ बाईच्या बाजूने लावून पाहू.

राजकारणात पडायचे नाही, हे खरे नाही. १९७८ मध्ये खासदार ओ. पी. त्यागी यांनी लोकसभेत धर्मस्वातंत्र्य विधेयक आणले तेव्हा देशभरचे ख्रिस्ती रस्त्यावर आले. मदर तेरेसांनी पंतप्रधान मोरारजी देसाईंना खुले पत्र लिहिले. विधेयक बारगळले. चर्चला लढता येते, आणि चांगले लढता येते. मग बाईच्या घरातल्या अन्यायासाठी हीच ताकद कुठे जाते?

१८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा आठवा. इंग्रजांनी आपल्या १८५७ च्या कायद्यावरून तो इथे आणला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरेसा नव्हता. त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा दोन वर्षे टाकून देणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर घटस्फोट नव्हता. नवरा रोज मारतो, पण दुसऱ्या बाईकडे जात नाही? मग राहा तशीच. शिवाय जिल्हा न्यायाधीशाने दिलेला घटस्फोट उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी कायम करावा लागे. भंडाऱ्याच्या बाईला निकालानंतरही नागपूरच्या फेऱ्या होत्याच.

इंग्लंडने आपल्या घरचा हा भेद १९२३ मध्ये काढून टाकला. भारतात १९६० मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये विधी आयोगाने बदल सुचवले. शेजारच्या हिंदू बाईला क्रूरतेच्या कारणावर १९७६ पासून घटस्फोट मिळू लागला. ख्रिस्ती बाई थांबलीच होती. सरकार म्हणे, ख्रिस्ती समाजातून एकमुखी मागणी येऊ द्या. चर्चचे एकमत होईना, कारण लग्न अविभाज्य आहे या शिकवणुकीला धक्का लागेल ही भीती. सरकारला अल्पसंख्याकांच्या धर्मात हात घालायचा नव्हता आणि चर्चला आपल्या धर्मात बाईला बोलू द्यायचे नव्हते. दोघांची सोय झाली.

हे कोंडाळे फोडले ते ख्रिस्ती बायांनीच. त्या कोर्टात गेल्या. जॉइंट विमेन्स प्रोग्रॅमसारख्या गटांनी गावोगाव बैठका घेतल्या, १९९० च्या दशकात नव्या कायद्याचे मसुदे केले, बिशपांच्या दारात वर्षानुवर्षे खेपा घातल्या. १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस खटल्यात या कलमातला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. १८६९ ते २००१, म्हणजे १३२ वर्षे! या काळात किती बाया मारहाण सोसत राहिल्या, किती विहिरीत गेल्या, याची नोंद कुठल्याच मंडळीच्या रजिस्टरात नाही. तिथे फक्त बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने लिहिलेली असतात.

आजही सगळे संपलेले नाही. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा तर या कायद्याच्या पुस्तकात ख्रिस्ती जोडप्याला दोन वर्षे वेगळे राहावे लागते, हिंदू जोडप्याला एक वर्ष. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘दोन’च्या जागी ‘एक’ वाचावे असे सांगितले, पण पुस्तकात ‘दोन’च आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाइतका वाटा आहे, ही चांगली गोष्ट. पण अविवाहित मुलगा किंवा मुलगी मृत्युपत्र न करता वारली आणि बाप हयात असेल, तर सगळी मालमत्ता बापाला जाते. आईला काही नाही. तिने कष्टाने शिकवलेल्या, नोकरीला लावलेल्या मुलीच्या प्रॉव्हिडंट फंडावरून कज्जा झाला तर आई हात हलवत परत येणार. मदर मेरीची नोव्हेना म्हणणाऱ्या समाजाने आईला वारस मानू नये? या कलमाविरुद्ध चर्चनी किती मोर्चे काढले, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

उलट प्रयत्न कसला झाला? चर्चच्या न्यायमंडळाने दिलेला विवाहरद्दीचा निर्णय सरकारने घटस्फोट म्हणून मान्य करावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात न्यायालयाने चर्चचा निर्णय दिवाणी कायद्याची जागा घेऊ शकत नाही असे सांगितले होते. २०१७ मध्ये ही नवी याचिकाही फेटाळली. बरे झाले. ज्या मंडळात निर्णयाचा शेवटचा शब्द पुरुष धर्मगुरूंचा, तिथे बाईला दाद मागायला लावणे हा न्याय नव्हे.

आणि मंडळीत बाईचे स्थान काय? मिशनच्या काळात ‘बायबलवाल्या बाया’ गावोगाव पायी फिरत. हिंदू-मुसलमान घरांच्या माजघरात पुरुष मिशनऱ्याला प्रवेश नव्हता, तो या बायांना होता. मंडळी उभी राहिली ती त्यांच्या पायपिटीवर. व्यासपीठावर मात्र त्या चढल्या नाहीत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना १९७० मध्ये नागपुरात झाली. तिला पहिली स्त्री बिशप मिळायला २०२४ उजाडले. कॅथॉलिक चर्चमध्ये बाईला पुरोहितपदच नाही. चर्च झाडायला, फुले सजवायला, गायनात उभे राहायला, दान गोळा करायला बाया. बजेट, जमीन आणि शिस्तीचे निर्णय पुरुषांकडे.

हे रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी पाहिले

कोणी म्हणेल, या बायका पाश्चात्त्य विचारांच्या, यांना ख्रिस्ती श्रद्धा काय कळणार? तर आपल्या मराठी भाषेतल्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती बाईची आठवण करून देते.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात हाहाकार उडाला. ब्राह्मणाची विदुषी मुलगी फितली, असे म्हटले गेले. तिकडे ज्या सिस्टरांनी त्यांना आपले म्हटले त्यांनाही रमाबाई जड गेल्या. त्या प्रत्येक सिद्धांतावर प्रश्न विचारत. बाईने तरुण पुरुषांना शिकवावे का, या प्रश्नावर हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी मोडता घातला, तेव्हा त्यांनी तो गपचूप मान्य केला नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी साफ कळवले, की एका पुरोहितशाहीचे जोखड फेकून दिले ते दुसरीचे मानेवर घेण्यासाठी नाही.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला नेले. विधवा मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये पुण्यात काहूर माजले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. ज्या घरांनी विधवा मुलींचे केस कापले, त्यांना कोपऱ्यात बसवले, तीच घरे त्यांच्या धर्माची चिंता करू लागली! १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. रस्त्यावर पडलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुलींना त्यांनी आणले. त्याआधी त्या मुलींना कोणी विचारले नव्हते. केडगावात येऊन प्रार्थनेला बसल्यावर मात्र त्या ‘आमच्या’ झाल्या.

म्हणजे रमाबाई दोन्ही बाजूंच्या रखवालदारांना पुरून उरल्या. सनातन्यांनी त्यांना गमावलेली मालमत्ता मानले आणि चर्चने मिळवलेली. त्या कोणाचीच मालमत्ता झाल्या नाहीत. आज चर्चमध्ये त्यांची जयंती साजरी होते, पण त्यांचे प्रश्न विचारणारी मुलगी रविवारी उभी राहिली तर तिला ‘बंडखोर आत्मा’ म्हणून खाली बसवतात.

घटना करतानाही असाच आवाज एका ख्रिस्ती बाईने उठवला होता. १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीत राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांनी धर्माचरणाच्या अमर्याद हक्काला विरोध केला. धर्माच्या नावाखाली पडदा, बालविवाह, देवदासी अशा प्रथा पाठीशी घातल्या जातील आणि सुधारणेचे कायदे अडतील, असे त्यांचे म्हणणे होते. घटनेच्या २५व्या कलमात विवेकाचे स्वातंत्र्य आधी येते, आणि ते व्यक्तीला दिलेले आहे. त्याच कलमात सामाजिक सुधारणेला वाट मोकळी ठेवलेली आहे. ही वाट त्यांच्यासारख्या बायांच्या आग्रहाने राहिली, हे सरकारनेही विसरू नये आणि चर्चनेही.

आपल्या चळवळीलाही विचारू

आरसा स्वतःसमोरही धरला पाहिजे. १९८० च्या दशकात आपण सर्वजणी समान नागरी कायद्याच्या घोषणा देत होतो. शाहबानो प्रकरणानंतर हिंदुत्ववाद्यांनी ती घोषणा उचलली तेव्हा आपण गोंधळलो. ते योग्यही होते. समानतेच्या नावाखाली काय येऊ शकते, ते उत्तराखंडने जानेवारी २०२५ मध्ये दाखवले. तिथे लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना नोंदणी सक्तीची आहे आणि जोडीदार २१ वर्षांखालचा असेल तर आई-बापांना कळवले जाते. पुन्हा तीच पाळत, तेच घर.

पण गोंधळाचे आपण हळूहळू मौन करून टाकले. अल्पसंख्य समाजातल्या बायांचे प्रश्न त्यांच्या त्यांनीच पाहावेत, आपण बोललो तर विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल, असे म्हणत आपण बाजूला झालो. आमच्या जिल्ह्यात दारूबंदीचे मोर्चे निघाले, तेंदूपत्त्याच्या मजुरीसाठी बाया बसल्या, खैरलांजीनंतर २००६ मध्ये आपण रस्त्यावर उतरलो. यातल्या कुठल्या बैठकीला आपण मंडळीतल्या बायांना मुद्दाम बोलावणे धाडले? तुमसरच्या त्या बाईने प्रश्न विचारला तेव्हा आपल्याकडेही पटकन उत्तर नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

उत्तर अवघड नाही. सज्ञान बाईचा धर्म, लग्न आणि घर सोडण्याचा निर्णय तिचा आहे. तिच्या धर्मांतराबद्दल तक्रार करायचा अधिकार फक्त तिला असावा. भावाला नाही, बापाला नाही, गावातल्या सेनेला नाही. जबरदस्ती, फसवणूक, डांबून ठेवणे हे गुन्हे साध्या फौजदारी कायद्यातही आहेत, त्यासाठी धर्माचा कायदा लागत नाही. जिथे कुठे बाईला अल्पवयीनांच्या रांगेत बसवणारे कलम आहे, तिथून ‘स्त्री’ हा शब्द काढावा, ही मागणी सर्व धर्मांतल्या बायांनी एकत्र केली पाहिजे.

चर्चकडे आमचे मागणे आहे ते असे. मार खाऊन आलेल्या बाईला आधी ‘परत जा’ म्हणू नका. आधी दवाखाना, मग संरक्षण अधिकारी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ख्रिस्ती बाईलाही लागू आहे, हे व्यासपीठावरून सांगा. क्षमा करायची की नाही ते तिचे तिला ठरवू द्या. मारणाऱ्याला मंडळीच्या पदावरून काढा. समेटाच्या बैठकीत निम्म्या बाया असू द्या. आणि आईचा वारसा काढून घेणारे कलम बदलावे म्हणून १९७९ मध्ये उतरला होतात तसे एकदा रस्त्यावर उतरा. आम्ही बरोबर असू. उद्या तुमच्या प्रार्थनेच्या दारात जमाव आला तरी आम्ही येऊ. पण आत बसलेल्या बाईच्या बाजूने येऊ, हे आजच सांगून ठेवतो.

मैत्रिणींनो, पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यात एक तरी बैठक घ्यावी. तिला ख्रिस्ती, बौद्ध, आदिवासी, मुसलमान, हिंदू अशा सगळ्या बाया असाव्यात. अजेंड्यावर तुमसरच्या बाईचा एकच प्रश्न ठेवा: ‘मले विचारते कोण?’ कोणत्या बाईला कोणत्या निर्णयाच्या वेळी कोणी विचारले नाही, ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. सरकारच्या समित्यांनी आजवर जे विचारले नाही, ते आपणच एकमेकींना विचारायचे आहे.